लिहिलेलं कुणी वाचलंय?

आपा, अस्सलामु अलैकुम.

मी २६ वर्षांची, निपाणीजवळच्या एका खेड्यातली. बी.कॉम. करून चार वर्षं एका पतसंस्थेत कामाला आहे. फुफीनं (आत्यानं) इचलकरंजीचा एक रिश्ता आणलाय. मुलगा ३५ वर्षांचा, यंत्रमागाचा धंदा. त्याचं पहिलं लग्न दीड वर्षात मोडलंय. का मोडलं विचारलं तर त्यांच्या घरचे म्हणाले, ‘ती नशिबात नव्हती.’ बघायला आले तेव्हा दहा मिनिटं बोलायला मिळालं, तेही सगळ्यांसमोर. मी नोकरीचं विचारलं तर तो नुसता आईच्या तोंडाकडं बघत राहिला. माझं मन होत नाही. घरी तसं सांगितलं तर चाचांनी इस्तिखारा (अल्लाहकडं योग्य वाट मागायची नमाज) केला आणि त्यांना स्वप्नात हिरवीगार शेतं दिसली. आता सगळे म्हणतात, जोडी वर ठरलेली आहे, तू नको म्हणून अल्लाहचं लिहिलेलं खोडणार आहेस काय? दोन वर्षांपूर्वी माझी एक मंगनी मोडली. तेव्हापासून अब्बा माझ्या नशिबाला फार भितात. बकरी ईदनंतर तारीख धरायची आहे. सगळं आधीच लिहिलेलं असेल तर माझ्या हो-नाहीला अर्थ काय? आणि मी नाही म्हटलं तर गुनाह होईल का?

– एक बेटी

बेटी,

वअलैकुम अस्सलाम. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच घेऊन तू रात्री जागत असशील. नाही म्हणणं गुनाह नाही. निकाहाला हो किंवा नाही म्हणायचा हक्क तुला अब्बांनी दिलेला नाही, फुफीनंही नाही, म्हणून तो त्यांना काढूनही घेता येत नाही. तो दीननं (धर्मानं) दिलाय. तू ‘नको’ म्हटलंस तर अल्लाहच्या लिहिण्यातला एक कानामात्राही पुसला जात नाही. तुझं ‘नको’सुद्धा त्याच लिहिण्यात असू शकतं. तिथं काय आहे ते कुणी वाचलेलं नाही. चाचांनी नाही, मी तर नाहीच नाही.

आता तक्दीरचं, म्हणजे अल्लाहनं आधीच लिहिलेल्याचं. तिला मी हलकं करून सांगणार नाही. तक्दीरवर ईमान (श्रद्धा) हे आपल्या ईमानाच्या सहा अंगांपैकी एक आहे. सहीह मुस्लिम या संग्रहात हदीस (पैगंबरांचं वचन) आहे की जमीन-आस्मान घडवण्याच्या ५०,००० वर्षं आधी अल्लाहनं सगळ्या मखलूकची (सृष्टीची) तक्दीर लिहून ठेवली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत इब्न मसऊदांची हदीस आहे: आईच्या पोटात १२० दिवस झाले की फरिश्ता येतो, रूह (जीव) फुंकतो आणि चार गोष्टी लिहितो. रिज्क (रोजीरोटी), आयुष्य, अमल (कर्म), आणि हा माणूस नेकबख्त (भाग्यवान) होणार की बदबख्त. या चारांत जोडीदार असा वेगळा शब्द नाही. आलिम (धर्माचे जाणकार) सांगतात की जोडीदारही तक्दीरच्या बाहेर नाही, कारण काहीच बाहेर नाही, आणि ते मला मान्यच आहे. पण मग तो तेवढाच लिहिलेला आहे जेवढी तुझी पतसंस्थेतली नोकरी लिहिलेली, आज दुपारची भाकरी लिहिलेली. लग्नासाठी तिथं वेगळी, जास्त पक्की शाई वापरलेली नाही. त्या नोकरीसाठी तू अर्ज केलास, बी.कॉम.ची सर्टिफिकिटं घेऊन मुलाखतीला गेलीस. ‘लिहिलेली असेल तर घर शोधत येईल’ असं तेव्हा अब्बाही म्हणाले नाहीत.

मग लग्नाच्याच वेळी ही भाषा कुठून येते? थोडी आपल्या सामायिक अंगणातून आली आहे. निपाणी काय, संकेश्वर काय, खानापूर काय, आपल्या भिंतीला भिंत लागून जी घरं आहेत तिथं सटवाई सहाव्या रात्री येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते. आपल्या घरांतही छठी होते. ‘लग्नाच्या गाठी वर बांधलेल्या असतात’ हे आपण शेजारणींकडून ऐकलं आणि ‘जोडे आस्मान में बनते हैं’ म्हणून घरात आणलं. माझी नानी म्हणायची, ‘लिख्या सो टलता नै.’ या बोलण्यावर माझं प्रेम आहे. पोर गेलेल्या बाईला, पीक गेलेल्या माणसाला त्यानं उभं केलेलं मी बघितलंय. पण ‘अमक्याची गाठ अमकीशीच आस्मानात बांधली आहे, म्हणून मुलीनं तोंड उघडू नये’ असं कुरआनात नाही आणि सहीह हदीसेतही नाही. सूरह (अध्याय) नबामध्ये ‘आम्ही तुम्हाला जोड्यांनी निर्माण केलं’ असं आहे. ते बाई-पुरुष अशा जोडीबद्दल आहे, इचलकरंजीच्या एका घराबद्दल नाही.

तक्दीरचं नाव सांगून जे चाललंय ते तसंच चालू ठेवायचं, ही युक्ती फार जुनी आहे. सूरह अनआमच्या १४८व्या आयतीत मक्केचे मुश्रिक (अल्लाहच्या जोडीला दुसरे देव मानणारे, म्हणजे शिर्क करणारे) हेच म्हणणार असं सांगितलंय: अल्लाहनं इच्छिलं असतं तर आम्ही शिर्क केला नसता. त्यावर रसूल (पैगंबर मुहम्मद) सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांना हुकूम आला की यांना विचारा, तुमच्याकडं काही इल्म (ज्ञान) आहे काय? असेल तर आमच्यासमोर आणा. हाच सवाल तुझ्या घरातल्या बैठकीत कुणीतरी विचारायला हवा होता. ही जोडी लिहिलेली आहे हे तुम्हाला कळलं कसं? सूरह लुकमानच्या शेवटच्या आयतीत तर साफ आहे, उद्या आपण काय कमावणार हे कुठल्याही जिवाला ठाऊक नाही.

‘अल्लाहला आधीच माहीत असेल तर मी वेगळं करणार तरी काय’ ही तुझी मुख्य अडचण आहे, आणि ती खरी अडचण आहे. फार मोठ्या माणसांनी तिच्यावर आयुष्यं घालवली. जबरिया म्हणवणाऱ्यांनी सांगितलं, माणूस वाऱ्यावरचं पीस आहे. कदरिया म्हणाले, माणूस आपल्या कर्माचा सर्वस्वी मालक आहे. आपली बहुतेक हनफी पंथाची घरं ज्या समरकंदच्या इमाम अबू मन्सूर मातुरिदींचा अकीदा (श्रद्धेची मांडणी) मानतात (त्यांचा इंतकाल सन ९४४ चा), त्यांनी हे दोन्ही टाळलं. निर्माण करणारा अल्लाह, पण निवडण्याची ताकद त्यानं बंद्याला खरोखरची दिलेली आहे, आणि हिशेब त्या निवडीचाच होणार. जाणणं वेगळं, भाग पाडणं वेगळं. मशिदीच्या भिंतीवर वर्षभराच्या नमाजांचं वेळापत्रक लावलेलं असतं, सूर्य कितीला उगवणार ते मिनिटापर्यंत. सूर्य त्या कागदाच्या जोरावर उगवत नाही. दाखला तोकडा आहे, अल्लाहच्या इल्मला कुठला कागद पुरणार? पण तुझ्या मनातली गाठ थोडी सैल व्हायला तो पुरेल. त्याच्या पलीकडं मी जात नाही. सहाबा (रसूलांचे साथीदार) तक्दीरवर वाद घालत बसलेले दिसले तेव्हा रसूलांचा चेहरा रागानं लाल झाला होता, असं तिर्मिजी या हदीससंग्रहात आहे.

माझ्या हाती जे आहे ते दुसरंच. तक्दीर हा शब्द कधी वापरायचा आणि कधी नाही, हे आपल्याला शिकवलेलं आहे, आणि आपण नेमकं उलटं करतो. सहीह मुस्लिममधली हदीस आहे: जे तुझ्या फायद्याचं आहे त्याची हाव धर, अल्लाहची मदत माग आणि हतबल होऊन बसू नकोस. मग तुझ्यावर काही आलं तर ‘मी असं केलं असतं तर’ म्हणू नकोस, म्हण की अल्लाहनं ठरवलं आणि त्यानं जे चाहिलं ते केलं. क्रम बघ. आधी हातपाय हलवणं, दुआ करणं, खटपट करणं. घडून गेल्यावर, मागं वळून बघताना, तक्दीर. सूरह हदीदमध्येही (आयत २२ आणि २३) तेच कारण दिलंय. मुसीबत येण्याआधीच ती लिहिलेली असते हे तुम्हाला अशासाठी सांगितलं की जे हातातून गेलं त्याचा शोक करत बसू नये आणि जे मिळालं त्यानं फुगून जाऊ नये. तक्दीर ही जखमेवर बांधायची पट्टी आहे. आपण ती मुलीच्या तोंडावर बांधतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. मला एक धाकटी बहीण आहे. आमचे अब्बा निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. चाळीस वर्षं होऊन गेली त्याला. तिला हद्दीपलीकडचा एक रिश्ता आला, मुलगा दिसायला चांगला, माणसं बोलायला गोड. रात्री ती माझ्या अंथरुणात आली आणि म्हणाली, ‘आपा, मला त्या घराची भीती वाटते.’ माझं लग्न झालेलं होतं, मी बाळंतपणाला माहेरी आले होते, मला झोप येत होती. मी तिला म्हटलं, ‘लिहिलेलं कुणाला चुकतंय काय? झोप.’ ती परत कधी त्याबद्दल बोलली नाही. दोन वर्षांनी मनगट मोडून, कडेवर मुलगी घेऊन परत आली. मग कळलं की तो पितो हे त्याच्या अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. कोपऱ्यावरच्या वाण्यालाही ठाऊक होतं. आम्ही कुणीच तिथं जाऊन विचारलं नव्हतं. आणि ती परत आली त्या दिवशी घरात पुन्हा तोच शब्द निघाला: ‘तिचं नसीब.’ पहिल्यांदा आम्ही तो तिला गप्प करायला वापरला, दुसऱ्यांदा आमचे हात धुवायला.

तिनं विड्या वळून मुलगी शिकवली. मला तिनं कधी दोष दिला नाही. ‘अल्लाहनं ठरवलेलं होतं आपा’, असं तीच मला म्हणते, आणि तिला तसं म्हणायचा हक्क आहे, कारण सोसलं तिनं. मला तो हक्क नाही. आदम आणि मूसा अलैहिस्सलाम यांच्या संवादाची जी मशहूर हदीस आहे, तिच्यावरून इमाम इब्न तैमिया सांगतात की मुसीबतीत तक्दीरचा आधार घ्यावा, आपल्या चुकीवर पांघरूण म्हणून घेऊ नये. चुकीसाठी तौबा आहे. तुझं पत्र मला मिळालं तेव्हा मला माझी बहीण दिसली, आणि म्हणून मी इतकं लांब लिहिते आहे.

आता तुझ्या हो-नाहीला अर्थ काय, ते बघ. बरीरा नावाची एक बांदी होती. हजरत आएशांनी तिला आजाद केलं. तिचा नवरा मुगीस गुलामच होता. आजाद झाल्यावर त्या निकाहात राहायचं की नाही हे ठरवायचा हक्क तिला मिळाला, आणि तिनं त्याला सोडलं. तो बिचारा मदीनेच्या गल्ल्यांतून तिच्या मागं मागं रडत फिरायचा, आसवं दाढीवर ओघळायची. रसूलांना त्याची दया आली. बरीराला म्हणाले, तू त्याच्याकडं परत गेलीस तर? तिनं विचारलं, या रसूलल्लाह, हा आपला हुकूम आहे काय? ते म्हणाले, नाही, मी फक्त सिफारिश करतोय. ती म्हणाली, मग मला त्याची गरज नाही.

बुखारीत आहे हे. कालपर्यंत बांदी असलेली बाई, समोर साक्षात अल्लाहचे रसूल, सिफारिश करणारे तेच, आणि तिचं ‘नाही’ तिथं टिकलं. तिला कुणी म्हटलं नाही की तुमची जोडी तर वर ठरली होती, म्हणून तर निकाह झाला होता. मुगीस वाईट माणूस होता असंही कुठं नाही. तिचं मन नव्हतं, एवढंच. तुझ्या ‘माझं मन होत नाही’ या चार शब्दांचं वजन किती, हे तुला यातून कळावं.

आणि बापानं लावून दिलेल्या निकाहाचं म्हणशील तर खन्सा बिन्त खिदाम. त्यांचा पहिला संसार होऊन गेलेला होता. वडिलांनी त्यांना न आवडलेल्या ठिकाणी निकाह लावून दिला, त्या तक्रार घेऊन गेल्या आणि रसूलांनी तो निकाह रद्द केला. हीही बुखारीतली. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात एका कुंवाऱ्या मुलीची अशीच तक्रार आहे, तिला राहायचं की नाही हे तिच्यावर सोपवलं. फिकहमध्ये (धर्मकायद्यात) यावर मतं आहेत, काही इमामांनी कुंवाऱ्या मुलीच्या बापाला जास्त हक्क दिला आहे, ते मी लपवणार नाही. पण आपल्या हनफी मस्लकमध्ये बालिग, शहाण्या मुलीवर निकाहाची जबरदस्ती करता येत नाही. तुझ्या अब्बांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. ते घाबरलेत. त्याच्याकडं येतेच.

आधी चाचांचा इस्तिखारा. चाचांनी नमाज पढली, तुझ्यासाठी दुआ केली, त्याची जजा (फळ) त्यांना मिळेल. पण इस्तिखाऱ्याची हदीस हजरत जाबिरांची आहे, ती अशी सुरू होते की तुमच्यापैकी कुणी एखाद्या कामाचा इरादा करील तेव्हा त्यानं दोन रकात नफ्ल (जादाची नमाज) पढाव्यात. ज्याचं काम, त्यानं. आणि तिच्यात स्वप्नाचं नावही नाही. नंतरच्या दुआचे शब्द तू नीट बघ: या अल्लाह, हे काम माझ्या दीनसाठी, माझ्या जगण्यासाठी आणि माझ्या शेवटासाठी चांगलं असल्याचं तू जाणत असशील तर ते माझ्या तक्दीरमध्ये लिही, सोपं कर, बरकत दे. आणि वाईट असल्याचं जाणत असशील तर ते माझ्यापासून फिरव आणि मलाही त्याच्यापासून फिरव, आणि जिथं कुठं भलाई असेल ती माझ्यासाठी लिही, मग मला तिच्यात राजी कर. ‘माझ्यासाठी लिही’ असं मागायला आपल्याला रसूलांनीच शिकवलंय, कुरआनची सूरह शिकवावी तसं. ज्याला वाटतं की दार बंद होऊन कुलूप लागलंय, तो असं मागत नाही. आणि ‘मलाही त्याच्यापासून फिरव’ हेही त्यात आहे. तुझं मन फिरलेलं आहे, बेटी. ते काय म्हणतंय हे ऐकायच्या आधीच घरच्यांनी त्याला बंडखोरी ठरवलं.

ही नमाज तू स्वतः पढ. एक दिवस, तीन दिवस, हवे तितके. स्वप्नाची वाट बघू नकोस. पढ आणि सकाळी उठून चौकशीला लाग.

चौकशी हा तक्दीरवरचा अविश्वास नव्हे. एकानं रसूलांना विचारलं होतं की उंट बांधून भरोसा ठेवू की मोकळा सोडून? बांध आणि मग भरोसा ठेव, असं उत्तर मिळालं. आपल्या शेतकऱ्याला हे कळायला तिर्मिजी वाचावी लागत नाही. सूरह वाकिआमध्ये अल्लाह विचारतो, तुम्ही जे पेरता ते तुम्ही उगवता की आम्ही? उगवणं त्याचं, पण पेरणं आपलंच. तुझे अब्बा उसाची लागण करताना बेणं डोळ्यांनी बघून घेतात. म्हैस घ्यायची तर तिचे दात बघतात, कास बघतात, धार काढून बघतात. हे सगळं करून मग ‘आता अल्लाहची मर्जी’ म्हणतात, आणि ते म्हणणं शोभतं त्यांना. लेकीचा निकाह त्याहून कमी बघून करायचा काय?

मला तुझ्या पत्रातलं सगळ्यांत जास्त खटकलेलं वाक्य म्हणजे ‘ती नशिबात नव्हती.’ पहिलं लग्न मोडलं म्हणून माणूस वाईट ठरत नाही. तलाक झालेल्या कितीतरी नेक माणसांनी आणि बायकांनी पुढं चांगले संसार केले आहेत. पण विचारलेल्या प्रश्नाला ते उत्तर नाही. दीड वर्षात काय झालं, हा प्रश्न होता. तक्दीर सगळ्याच गोष्टींच्या मागं आहे, म्हणून कुठल्याच एका गोष्टीचं कारण म्हणून ती सांगता येत नाही. तिथं काहीतरी झालं असेल. साधं असेल, स्वभाव जुळले नसतील, किंवा मोठं असेल. ते त्या बाईला माहीत आहे आणि तिच्या माहेरला माहीत आहे. तिथं जाऊन विचारा. त्याच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत विचारा, मागावर काम करणाऱ्या माणसांना विचारा. पगार वेळेवर देतो का, माणसांशी बोलतो कसा, हे कामगारांइतकं कुणी सांगणार नाही.

कुणी म्हणेल, हे गीबत (पाठीमागची निंदा) आहे, परक्याच्या घरातलं उकरू नये. फातिमा बिन्त कैस यांना दोन ठिकाणांहून मागणी आली होती, मुआविया आणि अबू जहम. त्यांनी रसूलांचा सल्ला घेतला. रसूलांनी साफ सांगितलं की अबू जहम खांद्यावरची काठी खाली ठेवत नाही, आणि मुआवियाकडं पैसा नाही, तू उसामाशी निकाह कर. मुस्लिममध्ये आहे. यावरूनच आलिमांनी सांगितलं की निकाहाच्या सल्ल्यात ऐब खरा खरा सांगणं ही गीबत नाही. आणि रसूल असं म्हणाले नाहीत की तिघांपैकी जो लिहिलेला असेल तो मिळेल. त्यांनी माहिती दिली, सल्ला दिला. फातिमांना उसामा आधी आवडले नव्हते, तेही त्या स्वतः सांगतात. मग त्यांनी केला निकाह आणि त्यात अल्लाहनं भलाई ठेवली. म्हणजे मनाचा पहिला कौल बदलूही शकतो. तुझाही बदलेल, चौकशीत सगळं स्वच्छ निघालं तर. तसं झालं तर मला वाईट वाटणार नाही. मी तुला त्या मुलाला नकार दे असं सांगत नाहीये. न बघता, न विचारता मान खाली घालू नकोस, एवढं सांगते आहे.

त्याच्याशी एकदा पुन्हा बोलायला मिळालं पाहिजे, घरचं कुणीतरी जवळ असताना, पण दहा मिनिटं आणि पंधरा माणसं असं नाही. मुगीरा बिन शोअबांना रसूलांनीच सांगितलं होतं की आधी तिला बघून घे, त्यानं तुमच्यात जिव्हाळा राहील. नोकरीचा प्रश्न पुन्हा विचार. या वेळी उत्तर त्याच्या तोंडून हवं. ‘बघू’ हे उत्तर नव्हे. हो म्हणाला तर ती अट निकाहनाम्यात लिहून घे. ज्या अटींवर निकाह हलाल झाला त्या पाळण्याचा हक्क सर्वांत मोठा, असं बुखारी-मुस्लिममध्ये आहे, म्हणून अट घालणारी मुलगी आगाऊ असते असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस. मेहरचंही तेव्हाच बोलून घ्या.

आता अब्बा. मला त्यांचा राग येत नाही. मुलगी २६ वर्षांची, एक मंगनी मोडलेली, गावात चार तोंडं. त्यांना वाटतं की आणखी एक ‘नाही’ झालं तर तुझ्यावर शिक्का बसेल. हा शिक्का म्हणजे बदशगुनी आहे, आणि बदशगुनी काही नसते असं रसूलांनी सांगून ठेवलंय. मोडलेल्या मंगनीनं मुलीचं नशीब फुटत नाही. चांगल्या मुलीला चांगलाच मिळतो, वाईट मिळाला तर तिच्यातच काहीतरी असणार, हेही लोक बोलतात. त्यांना नूह आणि लूत अलैहिस्सलाम या पैगंबरांच्या ईमान नसलेल्या बायका आठवत नाहीत, आणि फिरऔनच्या (इजिप्तच्या जुलमी राजाच्या) घरातली ईमानवाली बायकोही आठवत नाही. सूरह तहरीमच्या शेवटी तिघी एकामागोमाग आहेत.

अब्बांना दुसरे खलिफा हजरत उमरांची गोष्ट सांग. हिजरी १८च्या सुमारास ते शामकडं (सीरियाकडं) निघाले होते. सर्ग नावाच्या ठिकाणी पोचले तेव्हा खबर आली की पुढं प्लेग आहे. त्यांनी मुहाजिरांना (मक्केहून हिजरत केलेल्यांना) विचारलं, अन्सारांना (मदीनेच्या मदतगारांना) विचारलं, कुरैशच्या वडीलधाऱ्यांना विचारलं, आणि अर्ध्या वाटेतून परत फिरायचं ठरवलं. अबू उबैदांसारखा मोठा सहाबी म्हणाला, अल्लाहच्या तक्दीरपासून पळता आहात? उमर म्हणाले, हो, अल्लाहच्या तक्दीरपासून अल्लाहच्याच तक्दीरकडं. तुमचे उंट एखाद्या खोऱ्यात उतरले, एक काठ हिरवा आणि दुसरा उजाड, तर हिरव्यात चारलेत तरी अल्लाहच्या तक्दीरनंच चारलेत ना, आणि उजाडात चारलेत तरी? चाचांना स्वप्नात हिरवी शेतं दिसली. उमरांनी हिरवा काठ कुठला ते माणसांना विचारून ठरवलं होतं, जागेपणी. आणि फौज निघालेली असताना माघारी फिरणं त्यांना कमीपणाचं वाटलं नाही. तुझी पहिली मंगनी मोडली, तीही अशीच एक माघार होती.

हे सगळं अब्बांना एकटं गाठून सांग. जेवणं झाली, इशाची नमाज झाली, ते अंगणात बसले की. फुफी किंवा चाचा असताना नको, चारचौघांत बापाला मागं सरता येत नाही. ‘मी हा रिश्ता करणारच नाही’ इथून सुरू करू नकोस. म्हण, ‘अब्बा, मला भीती वाटते. तुम्ही स्वतः जाऊन चौकशी करा, मी तुमच्यावर सोडते.’ त्यांना काम दे. घाबरलेल्या माणसाला नुसतं ‘घाबरू नका’ म्हणून भागत नाही. तुझ्या आजोळी कुणी शहाणा मामू असेल तर त्याला आधी विश्वासात घे, तो अब्बांबरोबर इचलकरंजीला जाईल. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की फार लांब नाही ते, एका दिवसात जाऊन येतील. आणि तारीख बकरी ईदनंतर आहे तर चौकशी बकरी ईदच्या आधी.

आणखी एक, हे फार जपून लक्षात ठेव. निकाहाच्या दिवशी वकील (मुलीच्या वतीनं बोलणारा) आणि दोन गवाह तुझ्याकडं विचारायला येतात. कुंवारी मुलगी लाजते, म्हणून तिची खामोशी हीच तिची इजाजत धरली जाते, तशी हदीस आहे. ती सवलत लाजणाऱ्या मुलीसाठी आहे, पण दाबलेल्या मुलीची खामोशीही बाहेरून तशीच दिसते. आतून काय चाललंय ते ओढणीखाली कुणाला कळत नाही. माझी बहीण तेव्हा गप्प बसली होती, गवाह ‘मुबारक’ म्हणत बाहेर गेले. तुझं उत्तर नाही असेल तर ते त्या दिवसापर्यंत नेऊ नकोस. मेंदी लागल्यावर नाही, पत्रिका छापल्यावर नाही. आत्ता, तोंडानं, स्पष्ट शब्दांत, अब्बांसमोर.

इचलकरंजीत माझी एक जुनी विद्यार्थिनी दिली आहे, तिच्या सासरी मागच आहेत. त्या घराचं नाव आणि मोहल्ला मला कळव, सदरात छापलं जाणार नाही. मी तिला विचारते.

– आपा